फलकधारक

सकाळचे दहा वाजायला आले होते आणि गिरधर आप्पा बाकड्यावर उभे राहून, दोन्ही हात वर करून, दुकानाची पाटी धरून होते. पाटी चांगली ऐसपैस, लोखंडी चौकटीतली. पिवळ्या रंगावर लालभडक अक्षरं : मंगलाबाई मसाला कांडप केंद्र. मागे भिंत होती आणि भिंतीत आकडेही बसवून तयार होते. पण आप्पांनी पाटी भिंतीला टेकवलीसुद्धा नव्हती.

समोरच्या चहावाल्या मोतीलालला राहवेना. बाकडं त्याचंच होतं.

"आप्पा, मांगे आकडा शे ना! लटकाई द्या!"

"नियम शे, मोतीलाल."

"कसाना नियम?"

"परवानगीशिवाय पाटी जडवानी नही. आनि तपासनीना टाइमले फलकधारक फलकसंगे हजर पायजे. आते तूच सांग, धारक म्हंजे काय? धरनारा!"

नगरपालिकेच्या कागदावर तसं छापलेलंच होतं. पाटी जमिनीपासून आठ फुटांवर असावी, असंही छापलेलं होतं, म्हणून तर बाकडं. आणि छापलेल्या अक्षरापुढे आप्पा कधी गेले नाहीत. एसटीत कंडक्टर असताना सासूबाईंच्या पिशवीतल्या कोंबडीचंही तिकीट फाडलेला माणूस! कोंबडी केव्हाच रश्श्यात गेली, तिकीट मात्र सासुरवाडीच्या तोंडी अजून आहे.

आतून मंगलाबाई पदर खोचत बाहेर आल्या.

"अहो, खाले उतरा! लोके हासी ऱ्हायनात."

"हासू दे. नगरपालिकान्या मॅडम कधी बी येतीन. पाटी नापास व्हयनी तं तुन्हं नाव कसं लागी?"

सगळं काही त्या नावासाठीच तर चाललं होतं. लग्न होऊन त्या या गावात आल्या त्या दिवसापासून त्यांना कुणी मंगला म्हटलंच नव्हतं. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, 'कंडक्टरीण'. एकदा दवाखान्यातल्या नर्सनं नाव विचारलं तेव्हा त्यांच्याच तोंडून 'कंडक्टरीण' निघून गेलं आणि घरी येऊन त्या रडल्या होत्या. आप्पा निवृत्त झाले आणि बाईंनी मिरची कांडायचं यंत्र घेतलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली : दुकानावर मन्हं नाव. आज उद्घाटन होतं. नाव बघायला धाकटी बहीण निर्मलाबाई मुद्दाम शहाद्याहून निघाली होती.

"करा काय करनं ते," म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. होळी तोंडावर आलेली, पहिलंच गिऱ्हाईक तिखट लवंगी मिरची घेऊन आलं होतं. यंत्राचा पहिला दणका बसला आणि दारातून लाल धुरळा बाहेर आला. आप्पांना शिंक आली. हात तर अडकलेले! पाटी एकदा खाली, एकदा वर, आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. काहींना वाटलं, ही नवीन तऱ्हेची जाहिरात आहे.

"मोतीलाल! अरे, धर जरा! आंऽऽक्छी!"

मोतीलाल चहा उकळता टाकून धावला आणि बाकड्यावर चढून त्यानं पाटी पकडली. आप्पांनी नाक पुसलं. तपासणी म्हणून त्यांनी जुना खाकी कोट घातला होता, त्यात ते घामानं निथळले होते. तो त्यांनी काढला, ठेवायला जागा नव्हती म्हणून पाटीच्या कोपऱ्यावर टाकला आणि पाटी पुन्हा आपल्या हातात घेतली.

"जाय तू. धारक मी शे."

तेवढ्यात रिक्षा थांबली. निर्मलाबाई उतरल्या, पाटीकडे बघितलं आणि बघतच राहिल्या.

"ताई वं! आठे तं नुसतंच 'बाई मसाला' लिखेल शे! कोन बाई?"

मंगलाबाई बाहेर येऊन बघतात तर काय, 'मंगला' या अक्षरांवर नवऱ्याचा खाकी कोट लोंबत होता. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मिरचीनं नव्हे.

"जलमभर याच कोटखाले मन्हं नाव दबनं," त्या म्हणाल्या. "आज बी तोच!"

आप्पांना हात सोडता येईना. त्यांनी मान वाकडी करून कोट दातांत धरून ओढला, तसा तो त्यांच्याच तोंडावर पडला. नेमकं त्याच वेळी स्कूटर थांबली आणि नगरपालिकेच्या यामिनी मॅडम हातात टेप घेऊन उतरल्या. मॅडम तरुण होत्या, बदली होऊन कोल्हापूरकडून आलेल्या.

"फलकधारक कोण आहेत इथं?"

"मी!" कोटातून आवाज आला. "सकायपासून धरेल शे, मॅडम!"

मोतीलालनं कोट काढला. मॅडमनी आप्पांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग अर्जाकडे.

"काका, फलकधारक म्हणजे फलक ज्याच्या मालकीचा तो. धरून उभा राहणारा नव्हे!"

मोतीलाल एवढ्या जोरात हसला की त्याचा चहा उतू गेला तरी त्याला कळलं नाही. मॅडमना मात्र हसता येईना, कारण अर्जात दुसरीच अडचण दिसत होती.

"पण मालक म्हणून इथं तुमचंच नाव आहे. मग पाटीवरच्या मंगलाबाई कोण?"

आतलं यंत्र बंद झालं होतं. मंगलाबाई पुढे आल्या. "म्हंजे पाटी बी तुम्हनाच नाववर?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

आप्पांनी पाटी मात्र खाली येऊ दिली नाही.

"पाटी जड शे वं," ते कसेबसे म्हणाले. "माले वाटनं, धारकले दिवसभर धरनी पडी. तुन्हा हात दुखतीन. म्हनीसन मन्हं नाव टाकं."

निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मॅडमनी डोळे पुसले आणि "किती तिखट आहे हो हवा," असं म्हणाल्या.

मग त्यांनी टेप लावून पाटीची लांबी-रुंदी घेतली, उंची मोजली, अर्जावरचं 'गिरधर' खोडलं, वर 'मंगलाबाई' लिहिलं आणि शेजारी स्वतःची सही ठोकली.

"आता एकच रकाना राहिला. फलकाचा आधार. भिंत, खांब की इतर? भिंतीला तर तुम्ही अजून लावलाच नाही. मी जे दिसतं तेच लिहिणार."

"दिसस तेच लिखा ना, मॅडम," मंगलाबाई म्हणाल्या. "आते तं यासनाच आधार शे."

मॅडमनी तसं लिहिलं. फोटो काढला, कागद मंगलाबाईंच्या हातात दिला आणि "आता लावा खुशाल," म्हणून स्कूटर सुरू केली.

मंगलाबाईंनी मोठ्यानं वाचलं. "फलकधारक, मंगलाबाई. फलकाचा आधार, इतर. पती." त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग बाकड्याजवळ जाऊन म्हणाल्या, "उतरा आते, धनी. मी तेल लाई देस हातले."

पाटी आकड्यांवर बसली. आप्पा उतरले, पण त्यांचे हात काही पूर्ण खाली येईनात. तसेच अर्धवट वर केलेल्या हातांनी ते दारात उभे असताना मोलगीकडून एक म्हातारा मिरचीचं पोतं खांद्यावर घेऊन आला.

"या दुकानाचा मालक तूच का?"

आप्पांनी वर केलेल्या हातांनीच आधी पाटीकडे, मग दारातून आत दाखवलं.

"मालकीन मझार शे. मंगलाबाई," ते ऐटीत म्हणाले. "मी इतरमा."