मी अजून टेबलाशीच आहे

"ऑफिसात मी नसतानाही मी असतो, याचं शास्त्र मी शोधून काढलंय!"

टोस्टवर व्हेजिमाइट फासता फासता डेझ फरूजाने बायकोला हे सांगितलं, तेव्हा टेसने त्याच्याकडे दारात आलेल्या विमा एजंटाकडे बघावं तसं बघितलं.

"ऑफिसातून कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचं, तो कामात आहे. बाकी मी बघतो!"

आता हे शास्त्र कशासाठी, ते ऐका. सिडनीतली डेझची कंपनी एका कंपनीला दुसरी कंपनी जुळवून द्यायची. वधूवर सूचक मंडळच म्हणा, फक्त पत्रिकेऐवजी ताळेबंद! अशा ठिकाणी संध्याकाळी पाचला निघणारा माणूस म्हणजे पहिल्या पंगतीला जेवून आहेर न देता सटकणारा पाहुणा. मागे एकाने लेकीच्या पोहण्याच्या वर्गासाठी मंगळवारी लवकर सोडा म्हणून रीतसर विचारलं. सोडलं की! आता तो छपाईच्या यंत्राशेजारी बसतो आणि त्याला कसल्याच मीटिंगला कुणी बोलवत नाही.

आणि डेझला तर दर गुरुवारी पाचला निघायचंच होतं. त्याचे वडील चार्ली, माल्टा बेटावरून आलेला म्हातारा सुतार, बायको गेल्यापासून दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचे. त्यातली दोन टीव्हीशी. पण गुरुवारी बोल्स क्लबच्या हिरवळीवर अनवाणी उभं राहून जड गोळा लांबच्या पांढऱ्या गोळीकडे घरंगळत सोडला, की म्हाताऱ्याची जीभही घरंगळायला लागायची. टोमॅटोवरची कीड, आंधळे पंच, डेझची आई चिडल्यावर कशी दिसायची, सगळं! जोडीदार अर्थात डेझ. या मोसमात बापलेक चक्क फायनलला पोचले होते, आणि चार्लींनी आपणहून नवीन टोपी आणली होती. ती टोपी बघून टेसला न्हाणीघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

तर डेझचं शास्त्र असं. मेल आधीच लिहायचे आणि कितीला जायचं ते संगणकाला सांगून ठेवायचं. आपण गुरुवारी हिरवळीवर, मेल ऑफिसच्या वाटेवर! 'आकडे पुन्हा तपासतोय.' 'अजून टेबलाशीच आहे.' दोन वर्षं हे गुरुवारपुरतं चाललं, मग चटक लागली. सोमवार आला, मंगळवार आला. लोणचं घालावं तसे एका रविवारी बसून त्याने महिन्याभराचे मेल घालून ठेवले.

चुकलं ते एवढंच, की त्याआधी तो एका खाणकंपनीच्या कामाला पर्थला गेला होता आणि तिथे त्याने संगणकाचं घड्याळ पर्थचं लावलं होतं. ते परत लावायचं राहिलं. मनगटावर घड्याळ असताना पडद्याच्या कोपऱ्यात बघतो कोण! उन्हाळ्यात पर्थ सिडनीच्या तीन तास मागे. त्यामुळे डेझने रात्री अकराची म्हणून मारलेली थाप साहेबीणबाईंच्या उशाशी पहाटे दोनला वाजायला लागली.

साहेबीणबाई म्हणजे फिलिपा स्ट्रँग. भल्याभल्या चेअरमनना रडवलेली बाई! पहिल्या आठवड्यात ती खूश झाली.

"शिका जरा डेझकडून! झोपतोस तरी कधी रे तू?"

"होतं थोडंफार," डेझ विनयाने म्हणाला. लोकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की कॉफी नासली असती.

दुसऱ्या आठवड्यात मात्र ती घाबरली आणि तिने कर्मचारी-कल्याण विभागाच्या जनेलला बोलावलं. जनेल सगळ्यांशी आजारी पिल्लाशी बोलावं तशी बोलायची.

"डेझ, राजा, डोळे किती लाल झालेत तुझे."

"काल मागच्या अंगणात सॉसेज भाजत होतो. धूर गेला."

"कबूल न करणं हेच पहिलं लक्षण असतं रे."

"अगं पण मी ठणठणीत आहे!"

"सगळे असंच म्हणतात," जनेलने त्याचा हात थोपटला आणि दुसऱ्या हाताने संगणक ओढून घेतला. "आठवडाभर सक्तीची विश्रांती. भरपगारी. फोनवरचं ऑफिसही बंद!"

ऐन फायनलच्या आठवड्यात सुट्टी! डेझ लिफ्टमध्ये एकटाच नाचला. संगणक जनेलच्या कपाटात, किल्ली जनेलच्या पर्समध्ये. पण घातलेलं लोणचं संगणकात नव्हतंच, ते कंपनीच्या यंत्रणेत मुरत पडलं होतं, हे नाचणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

पहाटे फिलिपाचा फोन वाजला. 'अजून टेबलाशीच आहे.'

"कपाटाला कुलूप आहे ना?" सकाळी तिने विचारलं.

"आहे!" जनेल पांढरीफटक पडली. "दुसरा संगणक लपवलाय त्याने! दारुडे बाटली लपवतात तसा!"

गुरुवारी संध्याकाळी दोघी लझान्याचं भांडं घेऊन डेझच्या दारात हजर. टेसने दार उघडलं आणि पढवलेला पोपट लगेच बोलला.

"तो कामात आहे! मान वर करायला सवड नाही बिचाऱ्याला!"

"कुठे आहे?" फिलिपा ओरडलीच.

याचं उत्तर पढवलेलं नव्हतं. "क...क्लबवर," टेसच्या तोंडून खरं निसटलं.

"बघा! घरात जमेना म्हणून क्लबात बसून करतोय!" जनेलने भांडं छातीशी धरलं आणि गाडीकडे पळाली.

इकडे हिरवळीवर बरोबरी झाली होती. शेवटचा गोळा डेझचा. चार्ली टोपी मागे सारून श्वास रोखून उभे. डेझ वाकला, हात मागे नेला, आणि एवढ्यात उंच टाचांचे बूट घालून फिलिपा थेट हिरवळीवर!

देवळात कुणी चपलांनिशी शिरावं, तसा अख्खा क्लब हादरला.

"ए बाई!" चार्ली गरजले. "पायात काय आहे ते? लाज नाही वाटत? काढ आधी!"

चेअरमनना रडवणाऱ्या बाईने निमूटपणे बूट काढून हातात घेतले. तेवढ्यात तिच्या फोनची घंटी वाजली. फायनल चारला म्हणून डेझने खास चारला लावून ठेवलेला मेल, पर्थमार्गे, सातला येऊन पोचला होता! तिने तो मोठ्याने वाचला.

"'मी अजून टेबलाशीच आहे. आता मीटिंगमध्ये शिरतोय, तासभर हाक मारू नका. डेझ.'"

डेझचा हात लटपटला. गोळा पांढऱ्या गोळीला वळसा घालून सरळ कडेच्या चरात जाऊन पडला. सामना खलास!

चार्लींनी चराकडे बघितलं, मग लेकाकडे.

"थापा मारून येत होतास?"

"हो, पा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

चार्लींनी टोपी नीट केली. "मला वाटायचं, तुला तिथे कामच नसतं," ते म्हणाले. "शेजारच्या व्हिन्सला लाजेपोटी मी सांगितलंही नाही कधी, कुठे नोकरीला आहेस ते."

शुक्रवारी फिलिपाने डेझला खोलीत बोलावून दार लावलं.

"दोन वर्षं गुरुवारी पाचला गेलास. एकही काम अडलं नाही?"

"नाही."

"भयंकर आहे हे! बाहेर कुणाला कळता कामा नये!" ती येरझाऱ्या घालायला लागली. "नोकरी जात नाही तुझी. जनेलचं म्हणणं, काम आणि घर यांचा मेळ कसा घालावा ते तू सगळ्यांना शिकवायचंस. वर्गाला हजेरी सक्तीची. दर गुरुवारी, संध्याकाळी सहाला."

"सहाला?"

"मग काय कामाच्या वेळात घेणार?"

पुढच्या गुरुवारी सहाला डेझ चाळीस खुर्च्यांसमोर उभा राहिला. खुर्च्या रिकाम्या. टेबलावर सँडविचचं ताट. मग फोन वाजायला लागला. 'अजून टेबलाशीच आहे, तुम्ही सुरू करा.' 'आकडे तपासतोय, आलोच.' शेवटी खुद्द फिलिपा: 'मीटिंगमध्ये अडकलेय. छान शिकव!'

डेझने बाहेर जाऊन सगळ्यांची टेबलं बघितली. खुर्च्याखुर्च्यांवर कोट लटकत होते, माणूस एक नाही! त्याने सँडविच बांधून घेतले आणि क्लबकडे धूम ठोकली.

हिरवळीच्या कडेला उंच टाचांचे बूट नीट जोडीने ठेवलेले होते. आणि पलीकडे चार्ली, नवीन टोपीत, हातवारे करत फिलिपाला सांगत होते, डेझची आई चिडल्यावर कशी दिसायची ते.

"पा, मी आलो!"

"बस तिथे बाकावर," चार्ली मागे न बघताच म्हणाले. "फोन वाजला की तुझा हात हलतो. हिचा नाही हलत. आणि काय आणलंयस ते? वाट सगळ्यांना!"