पेरूवर टांगलेली कादंबरी

निवृत्त झाल्यावर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळे सांगतात. मी चुकून दोन लावून घेतले. मनीषनगरातल्या आमच्या घरामागे अंगणाचा एक तुकडा आहे. तिथे वांगी लावली, आणि खुरपताना कंटाळा येऊ नये म्हणून मोबाइलवर कादंबऱ्या ऐकायचं ठरवलं. (सरकारी नोकरीच्या छत्तीस वर्षांत याहून मोठा निर्णय मी एकट्याने घेतला नव्हता.)

कानात इअरफोन, हातात खुरपं. माती उकरली की साळुंक्या यायच्या, काळा कोतवाल तारेवरून झेप घ्यायचा आणि सातभाईंचं अख्खं कुटुंब पायाशी कलकलाट करायचं. ते माझ्या सहवासासाठी येतात, याबद्दल मला शंका नव्हती. घरात त्यासाठी कोणी तडफडत नसल्याने मी सुखात होतो.

एक दिवस माझी बायको यमुना आंघोळीला जाताना ओरडली, "दुधाकडे पाहजा!" माझ्या कानात तेव्हा एका जमीनदाराला विष दिलं जात होतं. मी म्हणालो, "वा!" दूध ओट्यावरून खाली आलं.

"पहिले ते कानातलं काढा," यमुना म्हणाली.

काढलं. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून ब्लूटूथ स्पीकर आणला आणि पेरूच्या फांदीला टांगला.

आता जमीनदाराचा खून सगळ्या गल्लीचा झाला. यमुना रोज "बंद करा तो भोंगा" म्हणायची, पण भाजी निवडायला मागच्याच खिडकीशी बसायची.

एका सकाळी मी दही आणायला गेलो. फोन खिडकीत ठेवला आणि स्पीकर चालूच ठेवला (पक्ष्यांच्या गोष्टीत खंड पडू नये म्हणून). नेमका तेव्हाच पेरूवरून खर्जातला आवाज आला, "बाईसाहेब, धीर धरा. यजमान गेले!"

शेजारचे चंद्रभानजी अर्धी दाढी केलेल्या तोंडाने धावत आले.

"वहिनी, केव्हा गेले?"

"दहा मिनिटं झाले."

"असे अचानक?"

"अचानक काहून? मीच पाठवलं."

चंद्रभानजींनी भिंतीला हात टेकला. "मंग... न्याची तयारी कशी?"

"न्याची कायले? येतीन ना पायानं. दही घेऊन."

मी दही घेऊन पोचलो तेव्हा पेरूवरची बातमी गल्लीभर झाली होती आणि दारात सातआठ माणसं मान खाली घालून उभी होती. एकाने हारही आणला होता. तो परत कसा न्यायचा, म्हणून त्याने माझ्याच गळ्यात घातला.

"बस झालं!" सगळे गेल्यावर यमुना कडाडली. "रविवारी अंगणाले फरशी लावते मी. ना चिखल, ना पाखरं, ना भोंगा!"

आमच्या घरात यावर अपील नसतं. रविवारी सकाळी नत्थू मिस्त्री दोन मजूर आणि मेटॅडोरभर फरश्या घेऊन आला. मला काहीच सुचेना. सातभाई वांग्यांत उड्या मारत होते. त्यांना निदान खुनी तरी कळावा, म्हणून मी शेवटचं प्रकरण लावलं.

नत्थूने कुदळ उचलली, तेवढ्यात पेरूवरचा इन्स्पेक्टर म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे."

कुदळ वरच राहिली.

"थांब गा जरा," यमुना खिडकीतून म्हणाली आणि स्टूल घेऊन बाहेरच आली. मजूर फरश्यांवर बसले. भिंतीपलीकडून चंद्रभानजींचं डोकं वर आलं.

"आणि तो खुनी आहे..."

टुंग. स्पीकरची बॅटरी संपली.

"चार्जिंगले लावा ना!" यमुना किंचाळली.

"लाइट गेली आहे," मी म्हणालो. आणि मग मला आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर काहीतरी सुचलं. मी खिशातून इअरफोन काढले, कानात घातले आणि पुढचं ऐकू लागलो.

"अरे बापरे!" मी म्हणालो. थोड्या वेळाने, "हिनं? शक्यच नाही!"

"कोनं मारलं?" यमुनेने माझी बाही धरली.

"फरश्या गाडीत चढल्या की सांगतो."

"हे काय बोलणं झालं?"

"वहिनी, सांगा ना त्याईले," नत्थू काकुळतीला आला. "माह्या जीवाले घोर लागला. फरश्या मी परत नेतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

यमुनेने एकदा फरश्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या कानांकडे. "ने बाबा," ती म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात मी जिंकलेली ही पहिली लढाई! खुनी कोण ते मी सांगितलं, तेव्हा नत्थूने कुदळ आपटून "मले डाऊटच होता!" म्हटलं.

त्यानंतर यमुना रोज स्टूल घेऊन अंगणात बसू लागली. पुढची कादंबरी तिनेच निवडली. कॉलेजात पक्ष्यांचा अभ्यास करणारी मेघा नावाची मुलगी आमच्या अंगणातली पाखरं टिपून घ्यायला आठवडाभर वही घेऊन आली, आणि त्यावरचा तिचा लेख चक्क कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला. मी चंद्रभानजींना बोलावलं, गल्लीतल्या चार जणांना चहा पाजला आणि यमुनेला म्हटलं, "वाच वं, मोठ्यानं वाच."

यमुनेने चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "साळुंकी आणि कोतवाल हे पक्षी सहसा चरणाऱ्या म्हशींच्या मागे फिरून किडे टिपतात. या अंगणात म्हैस उपलब्ध नसल्याने ते एका निवृत्त गृहस्थांवर भागवतात."