हक्काचा शत्रू

आमच्या शेजारचे नाना घाडीगावकर वांगं खात नाहीत. पित्त नाही, ॲलर्जी नाही, कुणा बुवाने सांगितलेलं नाही. कारण एकच, वांग्याचा रंग. नाना परळच्या ज्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळले, त्याच्या कट्टर वैऱ्याची, म्हणजे दादरच्या एका कॉलेजची जर्सी जांभळी. तेव्हापासून जगात जे जे जांभळं आहे ते नानांना वर्ज्य. त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, भरली वांगी म्हणजे जीव की प्राण. त्या बिचाऱ्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन करतात, आमच्याच टेबलावर बसून खातात आणि चूळ भरून घरी जातात. नानांना वासावरून कळतंच. "आज पलीकडच्यांची पार्टी होती वाटतं," एवढंच म्हणतात.

"पलीकडचे" म्हणजे ते दादरचं कॉलेज. त्याचं नाव नाना तोंडाने घेत नाहीत. मुलीसाठी मुलगा सांगून आला. इंजिनीयर, मुलुंडला स्वतःचा फ्लॅट, दिसायला देखणा, आणि शिकलेला नेमका पलीकडे. घरातल्यांचे श्वास अडकले. नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "बास्केटबॉल खेळायचास?" मुलगा प्रामाणिक. म्हणाला, "नाही हो, कॅरम." नानांनी काकींकडे बघून मान डोलावली. लग्न थाटात झालं.

नाना विमा कंपनीतून रिटायर झाले, पण कोर्टावरून कधीच झाले नाहीत. बोलणं सगळं तिथलंच. काकी पेपर घेऊन बसल्या की, "पास कर, पास! वडिलार्जित आहे काय?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण पेटलं की दोन्ही हातांनी इंग्रजी टी करून "टाइम आऊट!" ओरडतात. आमचे सेक्रेटरी या प्रकाराला इतके सरावलेत की ते खरोखर एक मिनिट गप्प बसतात. बाजारातून कांदे आणले की नाना दारातूनच एकेक कांदा ओट्यावरच्या टोपलीत टाकतात. एखादा चुकून काकींच्या पायाशी घरंगळला तर दोष टोपलीचा.

दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, दोन्ही कॉलेजांची मॅच ठरलेली. विद्यापीठाच्या स्पर्धेतली ही मॅच नानांनी रिटायर होण्याआधी आणि नंतरही चुकवली नाही. एक वर्ष आपल्या कोर्टावर, एक वर्ष त्यांच्या. त्यांच्याकडे जायचं झालं तर नाना घरून नेलेल्या बाटलीतलंच पाणी पितात. "शत्रूच्या घरचं पाणी पिऊ नये गो."

मला हे सगळं ठाऊक, कारण काकींना तीन तास उन्हात बसवत नाही, म्हणून नानांबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी बघतच राहिले. मॅच सुरू व्हायच्या आधी नानांनी पोरांना गोल उभं केलं, डोळे मिटले आणि गावच्या देवळात घालावं तसं अस्सल मालवणी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! आज ह्या पोरांनी जो काय खेळ मांडलेलो आसा, त्येका यश दी रे महाराजा! समोरच्यांचो बॉल रिंगवर फिरान फिरान भायर पडांदे रे महाराजा!" आणि टीममधला एक गुजराती, दोन तमिळ आणि एक सरदारजी एका सुरात ओरडले, "व्हय महाराजा!" कोचसुद्धा ओरडला. हरलो तर पगार कापतील या भीतीने ओरडला असावा.

समोरच्या बाकावर पलीकडच्यांचे दळवी. नानांच्याच वयाचे, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. नाना आणि ते एकमेकांविरुद्ध खेळलेले. तेव्हापासून दरवर्षी हे इकडच्या बाकावर, ते तिकडच्या, आणि मध्ये कोर्ट. संभाषण सगळं ओरडून.

"दळव्या, यंदा किती पॉइंटांनी हरायचा विचार आहे?"

"घाड्या, आधी चष्म्याचा नंबर बदल, मग स्कोअर विचार!"

हाफ टाइमला दोघेही चहाच्या टपरीवर जात, पण एकमेकांकडे पाठ करून उभे राहत आणि चहावाल्यामार्फत बोलत. "त्याला सांग, तुमचा पाच नंबर ढकलतो." "त्यांना सांग, ढकलत नाही, त्याला खेळ म्हणतात." चहावाला बिहारचा. तो काहीच सांगत नसे, नुसता दोघांकडे बघून हसायचा आणि कप भरायचा. मॅच संपली की जिंकलेला समोरच्याला एक सलाम ठोकायचा आणि दोघे आपापल्या वाटेने जायचे. वर्षातली भेट ती एवढीच.

यंदा उन्हाळ्यात बातमी आली. पलीकडच्या कॉलेजला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे ते आता आपल्या विद्यापीठात नाहीत, आणि आपल्या विद्यापीठाच्या स्पर्धेतही नाहीत. ते आता इतर विद्यापीठांशी खेळणार, कुठे गुजरातेत, कुठे मध्य प्रदेशात. नानांनी आख्ख्या मजल्याला पेढे वाटले. "पळाले गो! घाबरान पळाले!" माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरियरवाल्यालाही एक दिला.

दोन-तीन दिवस हा उत्सव चालला. मग घरातून कांदे पडल्याचा आवाज यायचा बंद झाला. काकी येऊन म्हणाल्या, "अगं, कांदे हाताने ठेवतायत टोपलीत. मला काही बरं लक्षण दिसत नाही."

नाना पलीकडच्या कॉलेजला पत्र लिहायला निघाले होते, मैत्रीची म्हणून तरी एक मॅच ठेवा अशी विनंती करणारं. त्याआधी आपल्याच कॉलेजच्या क्रीडा विभागात विचारायला गेले. तिथल्या तरुण सरांनी प्रेमाने खुर्ची दिली आणि सांगितलं, "नाना, दोघांचं वेळापत्रक आता वेगळं. आणि खरं सांगू का, पोरांना तेवढं काही वाटत नाही. त्यांना कोणीही चालतं." नाना म्हणाले, "बरोबर आहे," आणि परत आले. हे मला काकींनी सांगितलं. नानांनी सांगितलं नाही.

दिवाळी झाली. सुट्टी संपली. पहिल्या शनिवारी दुपारी दोनला माझी बेल वाजली. दारात नाना, पायात बूट, हातात पाण्याची बाटली.

"चल."

"नाना, मॅच नाहीये."

"ठाऊक आहे मला. चल."

आम्ही परळच्या कोर्टावर जाऊन आमच्या बाकावर बसलो. समोरचा बाक रिकामा. कोर्टावर कोणत्या तरी फेस्टिवलची पोरं नाचाची प्रॅक्टिस करत होती. नाना गेटकडे बघत बसले होते. साडेचार वाजले. शेवटी मीच विचारलं, "कोणाची वाट बघताय?"

"दळव्याची."

"फोन करा की."

"नंबर नाय. शत्रूचो नंबर कोण घेता?"

"राहतात कुठे?"

"काय माहीत. दादरलाच कुठेतरी असेल. नाहीतर डोंबिवलीला गेला असेल, सगळे जातात तसा." बाटलीचं झाकण ते उघडत होते आणि लावत होते. "सुलभा, आमच्या टीममधले दोघे वारले. एक मुलाकडे कॅनडात, एकाला आता माणूस ओळखू येत नाही. ऑफिसातल्यांना मी क्लेमवाला घाडीगावकर म्हणून ठाऊक. पोरीला, जावयाला, तुला, तुम्हाला सगळ्यांना मी सांगतो म्हणून ठाऊक, की मी खेळायचो. डोळ्यांनी बघितलेला आता इथे तो एकटाच राहिलाय गो."

हा माणूस वर्षभर ज्याला शिव्या घालतो त्याच्यासाठी दोन तास उन्हात बसलाय, याचा मला रागही आला आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "नाना, यंदा मॅच असती तर कुणाच्या कोर्टावर असती?"

"आपल्या. गेल्या वर्षी इथे डागडुजी चालली होती म्हणून जिमखान्यात झाली. ती आपली धरायची नाही. म्हणजे यंदा आपली."

"आणि दळवी ती धरत असतील तर?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग इतक्या झटक्यात उठले की नाचणारी पोरं दचकली.

टॅक्सीने दादरला पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले. गेटवर विद्यापीठाची नवी कोरी पाटी. वॉचमन आडवा आला. "किससे मिलना है?"

"दळवी से."

"कौन दळवी? कौन से डिपार्टमेंट में?"

नानांनी विचार केला. "दुश्मन है अपना."

वॉचमनने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सफेद टोपीवाले अंकल? दोपहर से बैठे हैं. बोलते हैं मॅच है. इधर तो कोई मॅच नहीं है, साहब."

दळवी आपल्या बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. नाना सवयीने समोरच्या, पाहुण्यांच्या बाकाकडे वळले. दळवींनी तिथूनच आवाज दिला.

"घाड्या! ही काय यायची वेळ झाली?"

"यंदा आमच्याकडे होती!"

"आमच्याकडे! जिमखान्याची कुणाच्या नावावर?"

"ती धरायची नाही!"

"का नाही? हरलात म्हणून?"

असं बराच वेळ चाललं. मला वाटलं, आता हे दोघे असेच ओरडतील, सलाम ठोकतील आणि घरी जातील. पण नाना चपळाईने नाही, गुडघ्यांच्या बेताने, सरळ कोर्टावरून चालत पलीकडे गेले. मी मागोमाग. त्यांनी खिशातून फोन काढला.

"नंबर सांग."

"कशाला?"

"उद्या मेलास तर माका कळाचा कसा?"

दळवींनी नंबर सांगितला. नानांनी फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, "नाव काय टाकू?"

"दळवी," नाना म्हणाले.

"पूर्ण नाव?"

नानांनी दळवींकडे बघितलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

"रघुनाथ," दळवी म्हणाले. "आणि तुझं?"

"सदानंद."

शेजारी राहून मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. दळवींनी टोपी काढून पिशवीवर ठेवली आणि बाकावर सरकून जागा केली. नाना बसले.

"सदानंद," दळवी म्हणाले, "डाव्या हाताने डोक्यावरून तू तो हूक मारायचास ना, मी पुन्हा तसा कुणाला मारताना बघितला नाही. आम्ही रात्र रात्र बोलायचो, ह्याला अडवायचं कसं."

नानांचे डोळे भरून आले. पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही. "मेल्या," ते म्हणाले, "आत्ता सांगतोस? इतकी वर्षं काय तोंड शिवलं होतं?"

"तेव्हा कसं सांगणार?" दळवी म्हणाले. "मॅच चालू होती ना रे."