आश्रुबानानांची चाळीस भुतं

आमच्या दूध संस्थेतले आश्रुबानाना भुतांची फॅट काढायचे. दुधाची फॅट मशीनवर मोजून काढणं हे त्यांचं कामच होतं, पण त्या दुष्काळात त्यांनी भुताखेतांचे सिनेमे पाहायचा सपाटा लावला आणि तीच मोजपट्टी तिथंही लावली. सिनेमा संपला की तोंडावरून हात फिरवून निकाल सांगायचे, "साडेतीन. गाईचं हाय." अंगावर काटा आला असेल तर, "सात. म्हशीचं." आणि तासभर नुसतीच दारं करकरून शेवटी मांजर निघालं, तर कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "पानी घातलंय."

सुरुवात झाली ती एका जुन्या पुरवणीतल्या यादीवरून. जगातले चाळीस भयंकर सिनेमे. नानांनी ती कापून फॅटच्या मशीनमागं भिंतीला चिकटवली आणि मला सांगितलं, "सेक्रेटरी, हे चाळीसच्या चाळीस बघायचे. डोळं झाकायचं न्हाई, मधी उठायचं न्हाई, आन् एकट्यानं बघायचं न्हाई." तिसरी अट मला जरा चमत्कारिक वाटली. पण मी गावात खोली घेऊन एकटाच राहायचो, दुपारी दुसरा उद्योग नव्हता, म्हणून पंच व्हायला तयार झालो.

सभासदांना जातिवंत गाईंची माहिती दाखवायला संस्थेनं टीव्ही आणि सीडी प्लेअर घेऊन ठेवला होता. गाई दाखवण्याचे दिवस राहिले नव्हते. पूर्वी कॅन उतरवायला ओट्यावर जागा पुरायची नाही, आता दोन कॅन भरायची मारामार. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळपर्यंत आम्ही माश्या मारायचो. नाना बाजाराच्या दिवशी पाटोद्याहून सीड्या आणायचे, आणि लाईट असली की भर दुपारी शटर खाली ओढून आम्ही भुतं लावायचो. घाम सारखाच यायचा, त्यातला भीतीचा किती आणि उन्हाचा किती, हे सांगणं अवघड होतं.

सिनेमे सगळे परदेशातले, भाषा दोघांनाही कळायची नाही. पण नानांचं लक्ष भलतीकडेच असायचं. तळ्याकाठच्या झपाटलेल्या बंगल्यातून माणसं जीव घेऊन पळत होती, तेव्हा ते म्हणाले, "एवढं तळं भरलंय, आन् हे घर सोडून पळत्यात कावून?" न्हाणीघरात बाईच्या मागं सावली आली, बाई किंचाळली, आणि नाना ओरडले, "आधी नळ बंद कर की बये." एकदा एक पाद्री झपाटलेल्या पोरीवर मंतरलेलं पाणी शिंपडत होता. नाना हळहळले, "एवढ्यात एका वासराचं भागलं असतं." मी हसून लोटपोट झालो, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

प्रामाणिकपणा मात्र पक्का. चेअरमनच्या म्हशीलाही त्यांनी कधी पॉइंटभर फॅट जास्त लावली नाही. सतराव्या सिनेमात त्यांचे डोळे मिटले, मला दिसलंही नव्हतं. त्यांनीच सांगितलं, "झाकले. परत पैल्यापासून लावा." आम्ही तो सिनेमा परत पहिल्यापासून पाहिला.

त्यांची बायको, प्रयागमामी, तेव्हा चारा छावणीत होत्या. दोन म्हशी होत्या आणि जनावरांपाशी घरातलं कुणीतरी राहावं लागायचं. नानांना संस्थेचं काम, म्हणून मामी गेल्या. मूलबाळ नाही. त्या म्हशी मामींनी वगारी असल्यापासून वाढवलेल्या. रविवारी नाना पीठमीठ घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या दुधाला परत यायचे.

एकतिसाव्या सिनेमात भूतच नव्हतं. एक म्हातारा मोठ्या घरात एकटाच राहत होता. सकाळी उठून दोन कपांत चहा ओतायचा, एक प्यायचा, दुसरा तसाच ठेवायचा. मी जांभई दिली, आणि पाहतो तो नाना उभे.

"नाना, उठलात."

"उठलो. लिवा."

"पण यात भूत कुठं होतं?"

त्यांनी टीव्ही बंद केला. यादीकडे बघत म्हणाले, "मला घरात एकट्याला निजवत न्हाई, सेक्रेटरी. कडी लावली तर भ्या वाटतं, उघडी ठेवली तर जास्ती. दिवा लावून बसून ऱ्हातो सकाळपतूर. म्हनलं भ्याच मोडून काढू. तिला कळलं तर ती म्हशी इकून घरी यील. ती तिकडं उघड्यावर निजती, आन् मी हा असा." या माणसावर मी दोन महिने हसत होतो, याची मला लाज वाटली.

त्या रविवारी मी त्यांच्या गाडीवर मागं बसून छावणीत गेलो. नाना बादल्या घेऊन टँकरकडे गेले, तशा मामी जवळ आल्या.

"तुमी त्यांच्यासंगं असता, खरं सांगा. लगीन झाल्यापास्नं ह्या मानसाला अंधारात माजघरातसुदिक जाववत न्हाई. हे म्हनत्यात, भुतं बघून बघून मी दगड झालोय. मला पटंना. उद्या म्हशींना गिऱ्हाईक यायचंय. हो म्हनू का न्हाई म्हनू?"

त्यांचा हात म्हशीच्या पाठीवर होता. बोलताना तो तिथून हलला नाही.

"नाही म्हणा, मामी," मी म्हणालो. "मी पंच आहे. नानांना आता कशाचं भय वाटत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. "मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्या चारा टाकायला वळल्या. नाना मागंच उभे होते, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन. केव्हापासून, कोण जाणे.

आम्ही परत आलो. संध्याकाळचं दूध झालं, मशीन धुऊन झालं. मग नाना मला खोलीवर सोडायला आले. दारात गाडी उभी केली, पण बंद केली नाही. समोर बघत म्हणाले, "अंथरून घ्या तुमचं. पाऊस पडंस्तोवर माझ्याकडंच निजायचं."