नाकाड्यांचा डबा मेला नव्हता

आमचे शेजारी नाकाडे यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याला नमस्कार करतात, असे आमच्या धरमपेठेतील इमारतीत सांगितले जाते. ते साफ खोटे आहे. ते त्याला हाक मारतात. संगणकावर त्या यंत्राचा क्रमांक लिहून हाक पाठवायची आणि पडद्यावर उत्तर उमटेपर्यंत स्वतःही तोंडाने विचारत राहायचे, "हायेस का गा?" उत्तर आले की गृहस्थांचा चेहरा निकालात मुलाचे नाव सापडलेल्या बापासारखा खुलतो.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नाकाडे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. इमारतीत बारसे असो की एकसष्टी, गळ्यात कॅमेरा अडकवून ते हजर. काढलेले सारे फोटो त्यांनी सोसायटीच्या कार्यालयातील एका काळ्या पेटीत साठवले आहेत. ही पेटी तारेने वायफायच्या यंत्राला जोडलेली असते आणि इमारतीतल्या कुठल्याही संगणकावर उघडते. तिचे शास्त्रोक्त नाव स्टोरेज सर्व्हर. नाकाडे 'डब्बा' म्हणतात.

यंदाच्या प्रजासत्ताकदिनी झेंडावंदन झाले, तर्री-पोह्यांच्या प्लेटी फिरल्या, आणि वर्षभराचे फोटो पडद्यावर पाहण्यास सारी इमारत सभागृहात जमली. डबा उघडेना!

पुढे जे घडले त्याच्या नाना आवृत्त्या प्रचलित आहेत. मी आयुष्यभर वकिली केली आहे आणि त्या सकाळी पहिल्या रांगेत होतो. माझीच साक्ष ग्राह्य धरावी.

"नेट तं धडाधड चालून राहिलं!" सेक्रेटरी वाघाडे गरजले. "म्हंजे तुमचा डब्बाच मेला, नाकाडे. आज नाही उघडला तं उद्या भंगारात. फुकट जागा अडवून राहिला!"

"अहो, पोरीच्या लग्नाचे फोटो हायेत त्याच्यात!" वाघाड्यांच्या पत्नी मंदाताई उसळल्या. "तुमालेच देते भंगारात!"

ते फोटो अन्यत्र कुठेही नव्हते. नाकाडे कार्यालयाकडे धावले. डब्याचे दिवे हिरवे होते. तार काढून पुन्हा घट्ट बसवली. धापा टाकत परतून सभागृहातल्या संगणकावरून हाक पाठवली. उत्तर नाही.

"काहून बोलून नाही राहिला गा?" त्यांनी पडद्यालाच विचारले.

"रुसला असन," मागून कुणीतरी ओरडले. "पोहे द्या त्याले, तर्री मारून!"

सारे हसले. नाकाडे हसले नाहीत. ते पडद्याच्या कोपऱ्याकडे वाकले, तिथले वायफायचे नाव वाचले आणि एकाएकी त्यांनी मांडीवर थाप मारली. "वाघाडे! फाटकावरच्या कॅमेऱ्यासाठी नवीन वायफाय लावलं का तुम्ही?"

"लावलं नं काल. जोरदार हाय."

"तेच तं! हा संगणक त्याच्यावर जाऊन बसला. नेट दोन्हीकडे हाय, पन डब्बा जुन्यावर हाय. आपन दुसऱ्याच्या घरात उभं राहून आपल्या मानसाले हाक मारून राहिलो! थो कसा ओ देईन?"

हा शोध आपला असल्याचे वाघाडे हल्ली सांगतात. त्यांनी घातला तो घोळ, शोध नाकाड्यांचा.

संगणक जुन्या वायफायवर आणताच हाकेला ओळीमागून ओळ उत्तर येऊ लागले. सभागृह उठून उभे राहिले. शिट्ट्या झाल्या! पडद्यावर घराघराच्या नावाचे कप्पे झळकले आणि प्रत्येकाला आपलाच आधी हवा झाला. मंदाताईंनी सर्वांना गप्प केले. "नाकाडे भाऊजींचं बी नाव हाय तिथं. पहिले थे उघडा."

उघडला. आत काहीही नव्हते.

"थे... भरायचं राहून गेलं," नाकाडे घाईने तो मिटू लागले. "काढनारा मीच नं, वहिनी."

मग मंदाताईंनी त्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हाती दिला आणि वाघाड्यांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून पडद्यासमोर उभे केले. हातांचे काय करावे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. मी कळ दाबली. भिंगासमोर बोट आल्याचे नंतर उघडकीस आले. दुसरा काढू म्हटले, तर ऐकेनात.

"राहू द्या, वकीलसाहेब. एकटा नाही दिसून राहिलो त्याच्यात."

तो फोटो आपण काढल्याचेही वाघाडे सांगत फिरतात. कोपऱ्यातला अंगठा माझा आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन ताडून पाहावा.