अण्णा वायंगणकरांची पोच

आमच्या सोसायटीत अण्णा वायंगणकरांसमोर 'पुढे' हा शब्द कुणी उच्चारत नाही. नवा वॉचमन ठेवला की त्याला आधी हे सांगतात, मग पाण्याच्या पंपाचं बटण कुठे आहे ते.

शेअर रिक्षात कुणी "काका, जरा पुढे सरका" म्हटलं की अण्णा उतरतात आणि चालत घरी येतात. वाण्याने यादी घेताना "हं, पुढे?" विचारलं की यादीची घडी घालून परत फिरतात. गणपती विसर्जनाला अख्खी डोंबिवली "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून घसा फोडत असते, तेव्हा अण्णा एकटेच "येत्या वर्षी लवकर या" म्हणतात. मात्रा बरोबर बसतात, त्यामुळे बाप्पाच्या काही लक्षात येत असेल असं मला वाटत नाही.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. 'कल्याणच्या पुढे शहाड' एवढं साधं वाक्य मला अण्णांसमोर 'कल्याण झालं की शहाड' असं म्हणावं लागतं. वर्गातही आता तसंच तोंडात येतं, आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

अण्णांचा दुसरा नियम पोचेचा. ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत उभी हयात डिस्पॅचला होते. गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक ड्रमचं चलन त्यांच्या हातचं. चलनाच्या तीन कॉपी. त्यातली गुलाबी कॉपी समोरच्या पार्टीची सही होऊन परत आली की ती पोच. ती येईपर्यंत माल पोचला असं अण्णा मानत नसत, मग समोरचा मालक स्वतः फोनवर "पोचला हो!" म्हणून ओरडत का असेना. कंपनी सुटली, सवय सुटली नाही. माझ्या आईने त्यांच्याकडे शिऱ्याची वाटी पाठवली की दहा मिनिटांत गुलाबी चिठ्ठी येते. 'वाटी नग १, शिरा, सुस्थितीत मिळाला. बेदाणे कमी.' खाली सही, तारीख, वेळ. आईला या चिठ्ठ्यांचं फार कौतुक. माझी दहावीची गुणपत्रिका तिने कुठे ठेवली हे तिला आठवत नाही, पण अण्णांच्या चिठ्ठ्या देवघराच्या खणात क्रमवार लावलेल्या असतात.

एकदा सोसायटीतल्या एका लग्नात अण्णांनी अहेर दिला आणि नवरदेवाकडे पोच मागितली. तेव्हा तळमजल्यावरच्या सुमन सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अण्णा, जगाकडे पोच मागता, पण तुम्हाला काही पोच आहे का?" अण्णांनी हे वाक्य खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

सुमन सिस्टर सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. दर शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून त्या आणि अण्णा भांडतात. विषय एकच, सरकारी दवाखाने सुधारायचे कसे. बाकीचे आम्ही प्रेक्षक. सिस्टरांचं म्हणणं, पैसा ओता. माणसं भरा, औषधं आणा, मशिनं आणा. "एका सिस्टरला दोन वॉर्ड दिले की ती काय देवी आहे चार हातांची?" अण्णांचं म्हणणं, पद्धत बदला. "पैसे दिलेत तर काय आणतील? आणखी एक अँब्युलन्स. म्हणजे माणसाला लवकर ढकलता येईल. अहो, हे दवाखाने नाहीत, रिक्षास्टँड आहेत. याने त्याच्याकडे पाठवायचं, त्याने तिसऱ्याकडे. ड्रम पाठवताना मी आधी फोन करायचो. जागा आहे का, उतरवून घ्यायला कोण उभं राहणार, नाव सांगा. माणूस पाठवताना कुणी विचारतं? पोच आहे का माणसाची?"

मग सिस्टर म्हणतात, "पद्धत चालवायला माणसं कोण देणार, तुमचा तीर्थरूप?" इथपर्यंत आलं की मी घरी जातो, कारण त्यानंतर तेच पहिल्यापासून सुरू होतं.

अण्णा नुसते बोलत नाहीत, अर्जही करतात. रुग्ण पाठवताना चलन असावं, घेणाऱ्याचं नाव असावं, पोच परत यावी, असा अर्ज ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. एकदा उत्तर आलं, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे.' अण्णांनी दोन्ही 'पुढे' लाल पेनाने खोडले आणि ते पत्र परत पाठवलं, वर शेरा मारून, 'कुणाला मिळाला? पोच नाही.' त्यावर उत्तर आलं नाही. अण्णा म्हणाले, बघा.

आम्ही हसायचो. मीही हसायचो, हे कबूल करतो. त्या फेब्रुवारीतल्या दुपारपर्यंत.

आई वालाच्या शेंगा आणायला बाजारात गेली होती. शेंगा निवडता निवडता ती भाजीवालीसमोर खाली बसली, आणि तिला उठता येईना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. भाजीवालीने एक रिक्षा थांबवली आणि तिला जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात नेलं. त्याचं नाव इथे घेत नाही, तिथली माणसं भली आहेत. भाजीवालीने आईच्याच मोबाइलवरून मला शाळेत फोन केला. मी रिक्षातून सुमन सिस्टरांना फोन केला. त्या आल्या. त्यांच्या मागे, न बोलावता, बगलेत फाइल घेऊन अण्णा आले.

आई स्ट्रेचरवर होती. तिची एक चप्पल दिसत नव्हती. आई आता जाणार असं मला वाटत होतं आणि मी वाकून ती चप्पल शोधत होतो. जवळच्या दोन खासगी हॉस्पिटलांना मी फोन केला होता, दोघांकडे आयसीयू भरलेला. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांच्या टेबलासमोर तीन रांगा होत्या आणि तिन्ही रांगा त्यांच्याच होत्या.

"सर, पॅरालिसिसचा झटका आहे," त्या म्हणाल्या. "डोक्याचा स्कॅन इथे होत नाही. इंजेक्शन द्यायचं तर वेळेत द्यावं लागतं. थांबू नका. पुढे न्या."

मी अण्णांकडे पाहिलं. त्या अवस्थेतही पाहिलं. आता हे फाइल आपटून चालू पडणार, असं मला वाटलं.

अण्णा टेबलाजवळ गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पुढे म्हणजे कुठे, मॅडम?"

इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"ठाण्याला. मोठ्या हॉस्पिटलला."

"तिथे कुणाकडे?"

"कॅज्युअल्टीला."

"कॅज्युअल्टीत आत्ता कोण उभं आहे?"

"काका, आम्ही चिठ्ठी देतो. पुढचं ते बघतात."

"मॅडम, तुमच्या ओळखीचं कुणीतरी असेल ना तिथे? बरोबर शिकलेलं?"

डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिन्ही रांगांना हाताने थांबवून स्वतःचा मोबाइल काढला. "प्रणाली, कॅज्युअल्टीला आहेस? स्कॅन चालू आहे का गं? एक आजी पाठवते. हो, झटका. नाही, नक्की सांग, आहे का जागा?" तोवर सुमन सिस्टरांनी आईला कुशीवर वळवलं होतं आणि भाजीवालीला त्या विचारत होत्या, "नक्की किती वाजता बसल्या खाली? आठव बाई, घड्याळ नको, समोर काय चाललेलं ते सांग." भाजीवाली म्हणाली, शाळा सुटल्याची घंटा नुकतीच झालेली. ती माझीच शाळा. मी म्हटलं, साडेबारा.

अण्णांनी फाइलमधून गुलाबी कागद काढला. झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी असे गठ्ठ्याने छापून घेतले होते, कंपनीच्या चलनासारखेच. त्यांनी तो उभ्याउभ्या भरला. नाव, इंदुमती. झटका, दुपारी साडेबारा. घेणार, डॉ. प्रणाली. 'नग' या रकान्यात त्यांनी १ लिहिलं. एरवी मी हसलो असतो.

अँब्युलन्सचं दार ठाण्याला उघडलं तेव्हा डॉ. प्रणाली स्ट्रेचर धरून दारातच उभ्या होत्या. आईला थेट स्कॅनला नेलं. मी मागे धावलो, एका दारापाशी मला थांबवलं. मागून अण्णा तिथल्या सिस्टरला सांगत होते, "एक सही हवी, ताई. मिळाल्या म्हणून."

"काका, मी एकटी आहे इथे. आधी पेशंट बघू की कागद?"

"पेशंट," अण्णा म्हणाले. "मी थांबतो."

ते थांबले. भिंतीला टेकून, गुलाबी कागद दोन्ही हातांत धरून. दीडेक तासाने ती सिस्टर आपण होऊन आली. "इंजेक्शन वेळेत दिलं. उजवा पाय हलवतायत, बोलायला बघतायत. आणा ते काय आहे ते." तिने सही केली. अण्णा म्हणाले, "वेळ घाला." तिने वेळ घातली आणि धावत गेली. मी बाकावर बसलो आणि मला रडू आलं. सुमन सिस्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण बोलल्या अण्णांशी.

"बघितलंत? पोच द्यायलासुद्धा माणूस लागतो. ती एकटी आहे."

"मान्य," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण फोन केला म्हणून दारात कुणीतरी होतं."

"मान्य," सिस्टर म्हणाल्या.

शनिवारची सगळी भांडणं त्या बाकावर मिटली आणि साक्षीदार मी एकटा. मग सिस्टर चहा आणायला गेल्या. अण्णांनी फाइल उघडून पोच आत ठेवली. तिच्याखाली एक जुनी पांढरी चिठ्ठी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. 'पुढील उपचारासाठी पाठवण्यात येत आहे.' वर नाव होतं, शालिनी अनंत वायंगणकर.

अण्णांची बायको मी सोसायटीत येण्याआधीच वारली होती. कशी, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"हिच्या छातीत दुखायला लागलेलं," अण्णा म्हणाले. "पहिल्या ठिकाणी म्हणाले, पुढे न्या. नेलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, खाट नाही, पुढे न्या. नेलं. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत..." त्यांनी चिठ्ठी सरळ केली. "तिथे वहीत लिहिलं, मृतावस्थेत आणले. आणले लिहिलं रे. मिळाली असं कुणीच लिहिलं नाही."



"सुधीर, मी डिस्पॅचचा माणूस. मी हिच्याबरोबर होतो. आणि मी एकदासुद्धा विचारलं नाही, कुणाकडे नेतोय, कोण घेणार आहे. ते पुढे म्हणाले, मी पुढे नेलं. ड्रम असता तर विचारलं असतं."

सिस्टर चहा घेऊन आल्या. अण्णांनी फाइल मिटली.

आई दोन आठवड्यांनी घरी आली. उजवा हात अजून ऐकत नाही, शब्द जड येतात, टोमणे मात्र शाबूत आहेत. आल्या आल्या तिने खुणेने मला देवघराचा खण उघडायला लावला. अण्णांच्या चिठ्ठ्यांतली एक काढून, तिच्या कोऱ्या पाठीवर डाव्या हाताने लिहायला बसली. अर्धा तास लागला. मदत करू का विचारलं तर पेन माझ्यावर उगारलं. मग म्हणाली, "ने. अण्णांना."

मी समोरच्या दारात जाऊन चिठ्ठी दिली. अण्णांनी चष्मा लावला. अक्षरं कागदभर लवंडलेली होती. 'इंदू, नग १, घरी पोचली. सुस्थितीत. उजवा हात कमी.'

अण्णांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. टेबलावरची फाइल उघडून ती पांढरी चिठ्ठी काढली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. 

"एकीची पोच दुसरीच्या चलनाला लावता येत नाही," ते म्हणाले. "ऑडिटला धरतात."

"हो ना," मी म्हटलं.

"तुझ्याकडे टाचणी आहे का रे?"

मी घरातून टाचणी आणून दिली. त्यांनी पांढऱ्या चिठ्ठीवर गुलाबी चिठ्ठी ठेवली, दोन्हींच्या कडा बोटांनी नीट जुळवल्या आणि टाचणी लावली. मग फाइल मांडीवर घेऊन ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी दार ओढून घेतलं आणि परत आलो.

टाचणीची पोच त्यांनी अजून दिलेली नाही.