प्रमाणित घास

माणूस जन्मल्या दिवसापासून जेवत असतो. पण आपण जेवतो आहोत हे त्याला कळावं, यासाठी बाहेरून कुणीतरी यावं लागतं. वजनमापे तपासणी कार्यालयात ती व्यक्ती एका सोमवारी आली. ती साहेबांची मेहुणी होती. योगमय जीवनशैलीचा पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स तिने चौदा दिवसांत पुरा केला होता (उरलेला दिवस आत्मपरीक्षणात गेला, असं प्रमाणपत्रावरच छापलेलं आहे). दुपारपर्यंत सगळं ऑफिस तिला योगताई म्हणू लागलं.

"तुम्ही जेवत नाही," योगताईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवून सांगितलं. "तुम्ही नुसतं गिळता."

आवक टेबलावरच्या शिक्केबुवांना हे मनापासून पटलं. चोवीस वर्षं ते आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारत होते आणि त्यातला एकही कागद त्यांनी वाचला नव्हता. डब्याचंही तसंच झालं असणार.

परिपत्रक निघालं. घास बत्तीस वेळा चावावा, नंतर दोन दीर्घ श्वास घ्यावेत. एकूण ऐंशी सेकंद. मधली सुट्टी तीस मिनिटांची, म्हणजे एकवीस घास. उरलेली दोन मिनिटं अन्नाबद्दल कृतज्ञता (हात धुणं याच दोन मिनिटांत).

"पण घास केवढा?" शिक्केबुवांनी विचारलं.

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात हा प्रश्न हसण्यावारी गेला असता. इथे पितळी वजन काचेच्या कपाटात ठेवलेलं असतं, आणि त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय किलोलासुद्धा कुणी किलो म्हणत नाही. तेव्हा रीतसर समिती बसली. साहेबांच्या डब्यातल्या भाताचा वीस ग्रॅमचा एक घास वळला गेला, बशीत ठेवला गेला, बशीला चिठ्ठी लागली, आणि तो 'प्रमाणित घास' म्हणून कपाटात विराजमान झाला. (वीस ग्रॅमचं पितळी वजनच का वापरू नये, अशी एक सूचना आली होती. पितळ चावता येत नाही, म्हणून ती फेटाळली.) दर सोमवारी प्रत्येकाने आपला घास त्याच्याशी तराजूत ताडून घ्यायचा आणि आठवडाभर तेवढाच घास घ्यायचा, असं ठरलं.

पितळ सुकत नाही. भात सुकतो.

दुसऱ्या सोमवारी प्रमाणित घास तेरा ग्रॅम भरला, तिसऱ्या सोमवारी आठ. आता प्रमाण हलकं झालं असं म्हणण्याची सोय नव्हती, कारण प्रमाण हे प्रमाण असतं. बाकीचं जग त्याच्या मानाने जड होतं. चौतीस कर्मचारी जड घास घेत असल्याचं निष्पन्न झालं आणि चौतिसांनी घास लहान केले.

शिक्केबुवांचा डबा अर्धा परत जाऊ लागला. उरलेलं टाकून द्यायला बंदी होती, आणि खोटं वागायची त्यांना सवय नव्हती.

"भाजी बिघडली होती का?" पहिल्या दिवशी बायकोने विचारलं.

"नाही गं, छान होती."

"मग?"

"एकवीस घास झाले माझे. मोजून खातो आम्ही आता. कपाटातल्या घासाएवढा घास घ्यायचा."

बायकोने डबा ओट्यावर आपटला. "अहो, थाप मारायची तर निदान पटेल अशी तरी मारा. कोण देतं डबा ऑफिसात? त्या नव्या बाई का?"

अठ्ठावीस वर्षांचा संसार एका डब्यावर येऊन अडला. रिकामा डबा एकदा घरी न्यावा, बायकोने झाकण उघडून बघावं आणि पूर्वीसारखं "उद्या काय देऊ?" म्हणावं, एवढंच शिक्केबुवांना हवं होतं. पण डबा भरलेला जाई, रात्रीचं ताट आपटून वाढलं जाई, आणि आपटलेल्या ताटात भूक लागत नाही.

अखेर त्यांनी अर्ज लिहिला: 'प्रमाणित घासाला मुंग्या लागल्या आहेत, तरी योग्य कार्यवाही व्हावी.' स्वतःच्या अर्जावर स्वतःच शिक्का मारला (सवयीने तोही वाचला नाही). तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की वजन करताना घासावर असलेल्या मुंग्या घासातच धराव्यात. त्यानंतर दर सोमवारी शिक्केबुवा मुंग्या भरपूर असाव्यात म्हणून हात जोडत. योगताईंनी ती कृतज्ञता समजून त्यांचं जाहीर कौतुक केलं.

चार महिने गेले. मग एका सकाळी बायको म्हणाली, "आज डबा भरलेला आला ना, तर उद्यापासून तिच्याच हातचं खा."

तोही सोमवार होता. कपाटातून बशी आणायचं काम त्या दिवशी शिक्केबुवांकडे होतं. कपाट ते तराजू हे अंतर अकरा पावलांचं. सातव्या पावलाला त्यांनी खाली पाहिलं, तर बशी रिकामी होती. प्रमाणित घास आपण केव्हा खाल्ला, हे त्यांना खरोखरच कळलं नाही. चावला एकदाही नव्हता.

बशी बाजूला ठेवून ते तराजूशी नुसते उभे राहिले. दोन्ही पारडी रिकामी. साहेबांनी चष्मा लावून काटा पाहिला.

"वा! इतका बरोबर मध्ये कधीच आला नव्हता."

योगताईंचे डोळे भरून आले. "हाच तो समतोल," त्या म्हणाल्या. नोंदवहीत प्रमाणित घासाचं वजन शून्य लिहिलं गेलं. खाली तिघांच्या सह्या झाल्या.

डबा काठोकाठ भरलेला परत गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तोच डबा हातात घेऊन बायको ऑफिसात थडकली. हॉलच्या दारातच तिचे पाय थबकले. चौतीस माणसं मांडी घालून बसली होती. पुढ्यात चौतीस डबे, झाकणं बंद. आणि सगळी चावत होती. तिने नकळत मोजलं. बत्तीस. मग दोन श्वास.

"अगंबाई! म्हणजे तुम्ही खरंच…"

शिक्केबुवांना बोलता येईना. तोंडात बारावा घास होता. पण डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांनी बायकोला खरं पटलं होतं. आता ती 'चुकलं माझं' म्हणेल, 'चला घरी, गरम वाढते' म्हणेल.

बायकोची नजर त्यांच्या ढगळ शर्टावरून भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. वजनात घट, प्रथम क्रमांक, शिक्केबुवा: नऊ किलो. तिने ते दोनदा वाचलं. मग पदर खोचून योगताईंकडे वळली.

"बाहेरच्यांना घेता का हो?"

त्या संध्याकाळी घरी दोन ताटं मांडली गेली, दोन्ही स्वच्छ, रिकामी. शिक्केबुवांनी पहिला घास घेतला.

"सावकाश," बायको प्रेमाने म्हणाली. "गिळताय तुम्ही."

हे वाचताना कुणाला हसू आलं असेल, तर येऊ द्यावं. फक्त एवढ्या मजकुरातला कुठला आकडा लक्षात राहिला, ते प्रामाणिकपणे बघावं. बत्तीस नाही, एकवीसही नाही. नऊ. आणि ते किती महिन्यांत, हे बघायला आपली नजर मघाशीच वर जाऊन आलेली आहे. प्रवेशअर्ज आवक टेबलावर मिळतील. शिक्का लगेच मारून मिळेल. वाचत कुणीच बसत नाही.